अनुभवी प्राध्यापकांचे मंडळ

सर गुणांत बोलायचे. कोणी सहज म्हणून तब्येत विचारली तरी चष्मा वर सरकवून विचारायचे, "पाच गुणांचं सांगू, की पंधरा?" घाईतला माणूस पाच म्हणायचा. मग ते दोन वाक्यांत पोटाचं, गुडघ्याचं आणि झोपेचं सांगून मोकळे व्हायचे, आणि सांगून झाल्यावर एखादा मुद्दा सुटला की काय या काळजीत राहायचे. जेवणाच्या सुट्टीत त्याच माणसाला गाठून म्हणायचे, सकाळी ते ॲसिडिटीचं राहिलं.

चाकणला आमच्या कंपनीत गाड्यांच्या इंजिनांना लागणारी रबरी सील बनायची. सर तिथे शेवटच्या तपासणीचे प्रमुख होते आणि मी त्यांच्या हाताखालची कंत्राटी कामगार. आम्ही बारा-चौदा बायका दिव्याखाली ओळीनं बसून एकेक सील बोटावर फिरवून बघायचो. चीर आहे का, बुडबुडा आहे का, कडेला रबर जास्त राहिलंय का. चांगलं उजवीकडे, खराब डावीकडे. सर मागून फिरायचे, उजवीकडच्या ढिगातलं एक उचलून पुन्हा बघायचे, ठेवायचे, दोन पावलं पुढे जायचे आणि परत येऊन तेच उचलायचे. गंमत म्हणजे ढिगातलं तेच सील त्यांना बरोबर सापडायचं. बाकीच्या अधिकाऱ्यांना सगळे साहेब म्हणायचे, यांना मात्र सर. का, ते कोणाला ठाऊक नव्हतं. त्यांच्याकडे बघितलं की तोंडातून सरच यायचं.

कंपनीची बस सकाळी दापोडीहून सुटायची. मी तिथे मावशीकडे राहायचे. सर पिंपळे गुरवहून चालत येऊन बस धरायचे. नाशिक फाटा आला की ते घरी फोन लावायचे आणि एकच शब्द विचारायचे, "बंद?" पलीकडून उत्तर आलं की स्वतःशी "बंद" म्हणून फोन खिशात टाकायचे. रोज, न चुकता. माझ्या शेजारी सुरेखा बसायची. तिचं माहेर चाकणकडच्या खेड्यातलं, सासर दापोडीतलं. तिची पक्की खात्री होती की सर मटका खेळतात. "क्लोजचा आकडा इचारत्यात रोज. ओपन कवा लावत्यात त्येवढं कळत न्हाई," असं ती माझ्या कानात सांगायची. पुढे कळलं की तो गॅस होता. निघताना ते स्वतः बघून निघायचे, तरी नाशिक फाट्यापर्यंत त्यांच्या मनात तो परत चालू व्हायचा.

त्यांची दुसरी भीती मात्र आम्हाला कोणालाच माहीत नव्हती.

मी तेव्हा बाहेरून बी.ए. करत होते, तत्त्वज्ञान घेऊन. तत्त्वज्ञानाची आवड होती म्हणून नाही. त्या विषयाची गाइडं बारीक असतात असं एका मैत्रिणीनं सांगितलं होतं. परभणीकडे आई लग्नाचं काढत होती. मी तिला कबूल केलं होतं की कायमची नोकरी लागली तर राहीन, नाहीतर दिवाळीला परत येईन. माझं कंत्राट दिवाळीच्या महिन्याअखेरपर्यंतच होतं. आणि तपासणी विभागात कागदपत्रं सांभाळायची एक कायम जागा निघणार होती, तिला पदवीधर हवा होता. आमच्यातल्याच कोणाला घ्यायचं कंपनीच्या मोठ्या साहेबांच्या मनात होतं, पण निकाल लागेपर्यंतच थांबणार होते. त्यामुळे माझं सगळं शेवटच्या वर्षाच्या निकालावर लटकलेलं होतं, आणि मी ते गाइड पिशवीत घालून कंपनीत न्यायचे, जेवताना वाचायचे. पिवळ्या मुखपृष्ठाचं, जुन्या बाजारातून घेतलेलं. भारतीय तत्त्वज्ञान. लेखकाच्या जागी छापलेलं होतं, 'अनुभवी प्राध्यापकांचे मंडळ'.

एकदा सरांनी मला तपासणीच्या अहवालांची फाइल आणायला सांगितली. चुकून मी दुसरीच उचलली. उघडली तर आत हाताने लिहिलेले ताव. वर लिहिलं होतं, 'ईश्वराच्या अस्तित्वाची प्रमाणे : थोडक्यात टिपा.' अक्षर सरांचं. मी ती फाइल घेऊन गेले आणि अगदी साधेपणानं विचारलं की सर, तुम्हीपण बाहेरून बी.ए. करताय का. सरांचा चेहरा असा उतरला की मला वाटलं त्यांना काही झालं. त्यांनी फाइल माझ्या हातातून घेतली, इकडेतिकडे बघितलं, आणि दिवसभर माझ्या टेबलाकडे फिरकले नाहीत.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये ते सुरेखाला उठवून माझ्या शेजारी बसले. भोसरी मागे पडेपर्यंत पुढच्या-मागच्या सीटवर कोण कोण आहे ते बघत होते. मग हळूच म्हणाले, की तुझ्या पिशवीत जे गाइड आहे ते मी लिहिलंय. मी विचारलं, मंडळात तुम्ही पण आहात? ते म्हणाले, मंडळात दुसरं कोणी नाही.

पंधरा-सोळा वर्षं ते लिहीत होते. पुण्यातला एक छोटा प्रकाशक त्यांच्याकडून लिहून घ्यायचा. ग्रीकांची शोकनाटकं, संतांच्या ओव्या, मध्ययुगातल्या ख्रिस्ती पंडितांचे ईश्वराबद्दलचे वाद, आपली सहा दर्शनं. ज्या ज्या ग्रंथांना विद्यार्थी घाबरतात त्या सगळ्यांची सरांनी गाइडं केली होती. प्रश्न, उत्तर, मुद्दे, टिपा, रिकाम्या जागा. त्यांनी स्वतः एम.ए. केलं होतं, नोकरी करत, पोस्टानं. कॉलेजात शिकवायची इच्छा होती, ते जमलं नाही. नाव छापायचं नाही ही त्यांचीच अट होती, कारण कायम नोकरीतल्या माणसानं बाहेर पैसे घेऊन दुसरं काम करायचं नाही असं कंपनीच्या नेमणूकपत्रात लिहिलेलं होतं. ते नेमणूकपत्र आमच्या अख्ख्या कंपनीत बहुतेक एकट्या सरांनीच वाचलं असेल. तेव्हापासून ते धास्तीत होते. घरीसुद्धा गाइडाचा विषय हळू आवाजात निघायचा, कारण वरच्या मजल्यावर आमच्याच कंपनीतला एक स्टोअरकीपर राहायचा.

मला कळलं म्हणून त्यांची धास्ती वाढली असेल, पण बोलायला माणूस मिळालं याचं सुखही झालं असावं. त्यांनी मला शिकवायला घेतलं. पहिल्याच दिवशी गाइड माझ्याकडून काढून घेतलं आणि त्याच्या जागी कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर घातलेलं मूळ पुस्तक दिलं. ते वाचून झाल्याशिवाय गाइड परत मिळणार नव्हतं. मी रडकुंडीला आले. परीक्षा तोंडावर आणि हा माणूस गाइड लिहून गाइड वाचू देत नाही. त्यावर त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "गाइड म्हणजे पायरी. पायरीवर बिऱ्हाड करू नये."

शिकवायचे मात्र असं की विसरणं शक्य नाही. सांख्य दर्शन त्यांनी मोशीच्या सिग्नलला सांगितलं. म्हणाले, ही बस बघ. बस एक आहे, बसणारे चाळीस. बस म्हणजे प्रकृती. ती हलते, धूर सोडते, खड्ड्यात आदळते, सगळं तीच करते. बसणारे म्हणजे पुरुष. ते नुसते बघतात. आता मला सांग, एकाला झोप लागली म्हणून चाळीस जणांना लागली का? एक उतरला म्हणून सगळे उतरले का? नाही. म्हणून पुरुष अनेक. पुढच्या सीटवरची सुरेखा मागे वळून म्हणाली, "आन ड्रायव्हर कोन, सर?" सर खूश झाले. म्हणाले, सांख्यांना हाच प्रश्न हजारो वर्षं लोक विचारत आलेत. पंधरा गुणांचा आहे.

सुरेखाला शिकायचं नव्हतं, पण ती त्यांना पुरून उरायची. एकदा लाइट गेली, मशिनं थांबली, आणि सरांनी अंधारात बसलेल्या आम्हा सगळ्यांना विचारलं की ईश्वर आहे याचं एक प्रमाण सांगा. सुरेखा म्हणाली, हाय म्हनूनच तर तुमचा लॉट पास व्हतोय. पुढच्या पुस्तकात सरांनी ते घातलं नाही, पण मोह झाला होता असं मला म्हणाले.

मूळ पुस्तक मी दोनदा वाचलं, तेव्हा कुठे गाइड परत मिळालं. परीक्षेला बारा दिवस होते. रात्रपाळी नव्हती, म्हणून रोज संध्याकाळी बसून पाठ करत होते. सांख्यांचं प्रकरण आलं आणि मी अडखळले. एकशे बाराव्या पानावर लिहिलं होतं, 'सांख्यांच्या मते पुरुष एक असून प्रकृती अनेक आहेत.' मी खाली वाचलं. पुढचं अर्धं पान त्याच धर्तीवर होतं. मला वाटलं मीच उलट समजले. मूळ पुस्तक काढलं. तिथे सरांनी सांगितलं तेच होतं.

सकाळी बसमध्ये मी विचारलं. मला खरंच चूक काढायची नव्हती. मला एवढंच कळेनासं झालं होतं की पेपरात काय लिहू.

सरांनी पान हातात घेतलं. वाचलं. पुन्हा वाचलं. नाशिक फाटा आला आणि गेला, त्यांनी फोन लावला नाही. मग पान मिटलं, माझ्या मांडीवर ठेवलं, आणि म्हणाले, "चाळीस बस, आणि सगळ्यांत मिळून एकच माणूस. असं लिहिलंय मी."

त्या दिवशी त्यांनी एकही लॉट पुढे जाऊ दिला नाही. सगळ्या खोक्यांवर पिवळी चिठ्ठी. आमच्याकडे पिवळी चिठ्ठी म्हणजे थांबवून ठेवा, निर्णय व्हायचाय. संध्याकाळपर्यंत भिंतीला लागून पिवळ्या चिठ्ठ्यांची रांग उभी राहिली आणि वरून साहेब विचारायला आले.

सात वर्षं ते पान छापलं जात होतं. चार वेळा छापून झालं होतं. तरी सरांना एक आशा होती, टाइप करणाऱ्यानं उलटंपालटं केलं असेल. घरी जाऊन त्यांनी माळ्यावरून जुनी हस्तलिखितं काढली. सरांच्या बायकोनं, काकूंनी, मला नंतर सांगितलं, की ते शिडीवरच बसून शोधत होते आणि सापडल्यावर बराच वेळ खाली उतरले नाहीत. त्यांच्याच हातचं होतं. आधीचं प्रकरण अद्वैताचं होतं, तिथे आत्मा एकच. त्या भरात पेन घसरलं असेल, असं मी म्हटलं. पण सरांना ते पुरेना. कंपनीत एखादा नग खराब निघाला की पाच वेळा 'का' विचारायची पद्धत आहे, म्हणजे खरं कारण सापडतं. सरांनी स्वतःला पाच वेळा विचारलं. कारण सापडलं नाही. मला वाटतं, चूक झाली यापेक्षा तेच त्यांना जास्त लागलं.

त्यांनी सुट्टी काढली आणि प्रकाशकाकडे गेले. आल्यावर मला जे सांगितलं ते पाच गुणांचंच होतं. प्रकाशक म्हणाला, पुढच्या छपाईला बघू. सात वर्षांत एकाची तक्रार नाही. मुलं पास होतायत. आणि सर, पेपर तपासणारे पण आता तुमचंच पुस्तक समोर ठेवून तपासतात, मग चूक कुठे राहिली?

सात वर्षांत किती मुलांनी ते लिहिलं असेल याचा ते विचार करत होते. त्याहून वाईट म्हणजे एखाद्यानं मूळ वाचून बरोबर लिहिलं असेल तर त्याचं काय झालं असेल, याचा.

मग त्यांनी शुद्धिपत्रं छापून घेतली. बोटभर रुंदीच्या पिवळ्या चिठ्ठ्या, मागून चिकट. 'पृष्ठ ११२ : पुरुष एक, प्रकृती अनेक याऐवजी पुरुष अनेक, प्रकृती एक असे वाचावे. चूक लेखकाची.' शेवटचे दोन शब्द नकोत असं मी म्हटलं होतं. ते म्हणाले, नाहीतर छापखान्याला बोल लागेल.

रविवारी मी त्यांच्याबरोबर गेले. पिंपरी, चिंचवड, मग पुण्यातली दुकानं, असा बेत होता. ते गिऱ्हाइकासारखे आत शिरायचे, गाइड मागायचे, पान काढायचे, चिठ्ठी लावायचे, आणि पुढचं मागायचे. मी दाराशी उभी राहून बघायचे. दोन दुकानांत जमलं. तिसऱ्यात, पिंपरीतच, दुकानदारानं हात धरला. माल खराब करताय म्हणाला. गल्ल्यावरचा दुसरा माणूसही उठून आला. चार गिऱ्हाइकं जमली. दुकानदारानं दरडावून विचारलं, तुम्ही कोण?

सर पार गोंधळले. नाव सांगायचं तर कंपनीपर्यंत जाईल ही भीती, न सांगावं तर चोर ठरणार. त्यांनी पुस्तकाच्या मुखपृष्ठावर बोट ठेवलं.

"मी मंडळ," ते म्हणाले.

लोक हसले. दुकानदारालाही हसू आलं, त्यानं हात सोडला आणि जा म्हणाला. सर हसले नाहीत. बाहेर येऊन त्यांनी उरलेल्या चिठ्ठ्या मोजल्या नाहीत की काही नाही, तशाच खिशात कोंबल्या, आणि आम्ही दोघं बसस्टॉपवर बसून राहिलो. तीन बस गेल्या.

पेपरच्या आदल्या दिवशी कंपनीतून परतताना ते माझ्या शेजारी येऊन बसले. खाली बघत बोलत होते. सांख्यांवर प्रश्न येणार, यंदा नक्की येणार असं त्यांचं गणित होतं. म्हणाले, "पेपरात गाइडातलं लिही."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. त्यांनी पुन्हा सांगितलं. तपासणारा गाइडावरून तपासेल. तुझी नोकरी त्यावर आहे. चूक माझी, ती तू तुझ्या अंगावर घेऊ नकोस. लिही आणि पास हो, नंतर विसरून जा. एवढं बोलून ते उठले आणि मागच्या सीटवर जाऊन बसले, दापोडी येईपर्यंत.

प्रश्न आला. पंधरा गुणांचा. मी पेन हातात धरून किती वेळ बसले होते कोण जाणे. शेजारच्या बाकावरचा माणूस पुरवणी मागत होता. गाइडातलं मला तोंडपाठ होतं. मूळचंही होतं. शेवटी मी लिहिलं ते मूळचं. पुरुष अनेक, आणि का अनेक, सगळी कारणं. एक जन्मतो तेव्हा सगळे जन्मत नाहीत, एक मेला म्हणून सगळे मरत नाहीत. दोन पानं लिहिली.

हे मी काही सत्यासाठी केलं नाही. सरांनी सांगितलं म्हणून मी चुकीचं लिहिलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी बसमध्ये विचारलं असतं, काय लिहिलंस, आणि मी सांगितलं असतं, गाइडातलं. त्यावर ते बरं झालं म्हणाले असते. ते बरं झालं म्हणताना त्यांचा चेहरा कसा होईल याची मला भीती वाटली. बाकी काही नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलंच नाही. रोज वाटायचं आज विचारतील.

निकाल मोबाइलवर बघितला, कंपनीच्या कॅन्टीनमध्ये. बाकी सगळे विषय सुटले होते, तत्त्वज्ञानाच्या या एका पेपरात चार गुणांनी गेले होते. मी कोणाला सांगितलं नाही. सुरेखानं माझं ताट तसंच बघून ओळखलं. तिनं सरांना सांगितलं असणार, कारण संध्याकाळी ते टेबलापाशी आले आणि उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवायला सांगून गेले. ती यायला तीन आठवडे लागले. तोवर कायमची जागा बाहेरच्या एका पदवीधर मुलाला मिळाली होती. निकाल लागलेला होता, साहेबांनी थांबायचं काही कारण नव्हतं. पुढच्याच आठवड्यात दिवाळी होती.

छायाप्रत मी सरांना बसमध्ये दिली आणि खिडकीबाहेर बघत बसले. माझ्या दोन पानांवर तिरकी रेघ मारलेली होती. जिथे जिथे मी 'अनेक' लिहिलं होतं तिथे गोल करून वर 'एक' लिहिलं होतं. पंधरापैकी तीन. छायाप्रतीत लाल शाई काळीच दिसते. सरांनी एकेक गोल बघितला. चाकण येईपर्यंत बघत होते. उतरताना एवढंच म्हणाले, की शेरे त्याचे असले तरी हे सगळं मी लिहिलंय.

त्याच आठवड्यात त्यांनी मला घरी बोलावलं. परीक्षा विभागाला अर्ज लिहायचा होता. मी पुनर्मूल्यांकनाचा अर्ज केलाच होता. त्याला सर स्वतःचं पत्र जोडणार होते. मूळ ग्रंथाची पानं, गाइडाचं पान, आणि स्वतःच्या हस्तलिखिताची प्रत. त्यात लिहायचं होतं की हे गाइड मी लिहिलंय, ही चूक माझी आहे, आणि तपासनिसानं त्यावर विसंबू नये. खाली नाव, पत्ता, सही. एक प्रत प्रकाशकाला.

मसुदा तयार होता, सही होत नव्हती. ते उठायचे, खिडकी लावायचे, परत बसायचे. नोकरीची दोन वर्षं उरली होती. काढून टाकलं तर काय, हे त्यांनी मला पंधरा गुणांचं ऐकवलं. मी म्हटलं, सर, नका पाठवू. मी पुन्हा बसेन परीक्षेला. तेव्हा आतून काकू आल्या, हात पुसत. मी त्यांना तोवर शांतच बघितलं होतं.

"करा सही एकदाची," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं या घरात आपण कुजबुजत बोलतोय. मला कंटाळा आला."

सरांनी सही केली. मग ते पत्र त्यांनी मला मोठ्यानं वाचायला लावलं, चुका राहिल्यात का बघायला. शेवटी एक वाक्य होतं : 'सदर विद्यार्थिनीने मूळ ग्रंथ वाचून निर्भयपणे बरोबर उत्तर लिहिले.' निर्भयपणे या शब्दाशी मी थांबले. सर म्हणाले, काही चुकलंय का? मी नाही म्हटलं.

पत्र पोचल्यावर प्रकाशक चिडला. त्यानं थेट कंपनीत फोन केला. सरांना वर बोलावलं तेव्हा मी टेबलावर होते, दिवाळी झाली होती आणि माझे शेवटचे चार दिवस उरले होते. ते आत गेले ते तास झाला तरी बाहेर येईनात. आमचे हात चालत होते, पण डोळे जिन्याकडे. त्या तासात मी किती खराब नग उजवीकडे टाकले असतील देव जाणे. सुरेखा म्हणाली, काडत्यात वाटतं सरास्नी.

काढलं नाही. ताकीद दिली, आणि तपासणीवरून हलवून कच्च्या मालाच्या गोदामात बसवलं. एचआरच्या मॅडम नंतर हसत हसत सांगत होत्या, की इतका उशीर ताकिदीच्या पत्रामुळे झाला. सरांनी ते तीनदा वाचलं, त्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन चुका निघाल्या, आणि पुन्हा टाइप करून आणल्याशिवाय सही करणार नाही म्हणून ते बसून राहिले. घामानं शर्ट भिजला होता म्हणे, पण उठले नाहीत.

माझं कंत्राट संपलं. मी परभणीला गेले. पुनर्मूल्यांकनाचा निकाल तिथे असताना आला. तीनचे नऊ झाले, मी पास झाले. सरांना फोन केला तर म्हणाले, पंधरापैकी नऊ कमीच दिलेत. आईला ती पदवी दाखवून मी पुन्हा इकडे आले. पुण्याजवळच माणला एका ऑफिसात लागले, आता तिथेच आहे. गाइडाच्या नव्या छपाईत ते वाक्य दुरुस्त झालं. मुखपृष्ठावर मंडळ तेच, लिहिणारं आता कोणी दुसरं. प्रकाशकानं सरांना पुन्हा बोलावलं नाही.

ते निवृत्त झाल्यावर मी पिंपळे गुरवला त्यांच्याकडे गेले होते. मुद्दाम गेले होते. मधल्या काळात सुरेखाकडून, आणखी दोघांकडून मला कळलं होतं की सर माझी गोष्ट सगळ्यांना सांगतात. मुलगी सत्याला धरून राहिली, नोकरी गेली तरी ढळली नाही, असं. ते ऐकून मला झोप लागेना. जे मी नव्हते ते सर लोकांना सांगत फिरत होते, आणि त्या पत्रातही लिहून बसले होते.

मी त्यांना सांगितलं. म्हटलं, सर, निर्भयपणे हा शब्द चुकलाय. मी भीतीनंच बरोबर लिहिलं. तुमच्या भीतीनं. जे जसं होतं ते सगळं सांगितलं, परीक्षेच्या हॉलमधलं.

मला वाटलं आता उठून पत्राची प्रत शोधायला लागतील. पण बसून राहिले.

"मी सही का केली सांगू?" ते म्हणाले. "छायाप्रत दिलीस त्या दिवशी तू माझ्याकडे एकदाही बघितलं नाहीस. अख्खा रस्ता खिडकीबाहेर बघत होतीस. आपल्याकडे बघावंसं वाटत नाही हिला, असं मला झालं. दुसऱ्या दिवशी परत तुझ्या शेजारी बसायचं होतं. कंपनीची भीती त्याच्यापुढे काहीच नव्हती."

त्या दिवशी मला सारखं रडू येत होतं. ते त्यांना दिसू नये, दिसलं तर त्यांना आणखी लागेल, म्हणून मी तोंड वळवून बसले होते. एवढंच होतं.

ते मी त्यांना सांगितलं नाही. काकूंनी चहा आणला, तो घेतला, आणि पुढच्या महिन्यात येते म्हणून निघाले.